बेळगावहून दूर वाढलेल्यांसाठी: आपलं घर समजून घेणारा समुपदेशक कसा शोधावा आणि त्याच्याबरोबर काम कसं करावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या घरांची मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत. कुणी मस्कत-दुबईत वाढलं, कुणी न्यू जर्सीत, कुणी लंडनजवळ, कुणी पुण्या-बेंगळुरूत. मी बेळगावात समुपदेशन करते. यातली बरीच मंडळी सुट्टीत आजोळी आली की भेटतात, नाहीतर रात्री उशिरा व्हिडिओवर बोलतात. बहुतेकांनी तिकडे एकदा तरी थेरपी सुरू करून मध्येच सोडलेली असते. कारण विचारलं तर दोनच उत्तरं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक: “ती म्हणाली, आईवडिलांपासून थोडं लांब राहा. मला ते नको होतं.” दुसरं: “ते आपल्याकडचेच होते, पण त्यांनी उलट मलाच समजावलं, आईवडील शेवटी आईवडील असतात म्हणून.” दोन्हीकडून माणूस उठून आला आणि आपल्यासारख्यांना याचा उपयोग नाही असं धरून बसला.

उपयोग होतो, आणि चांगला होतो. घर की मी, यातलं एकच निवडायला लावणारा सल्ला मात्र आपल्या कामाचा नाही. आणि कितीही चांगला समुपदेशक असला तरी आपलं घर त्याला आपोआप कळत नाही, ते दाखवावं लागतं. कसं दाखवायचं, कुणाला दाखवायचं, आणि पुढे त्यातून काय करायचं, हे इथे क्रमाने सांगते. उदाहरणं अनेक घरं मिसळून रचलेली आहेत, कुणा एकाची नाहीत. देवनागरी वाचायला वेळ लागत असेल तर फोनला मोठ्याने वाचायला लावा.

त्याआधी एक गोष्ट. जीव द्यावासा वाटत असेल, रात्र काढणं अवघड झालं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी फोन करा. भारतात असाल तर टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत व कन्नडमध्येही बोलता येतं. अमेरिका आणि कॅनडात ९८८. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३. ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. आखातात असाल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा. बाकीचं सगळं नंतर.

पहिली पायरी: त्रास वहीत उतरवा

“खूप टेन्शन आहे” एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. एक वही घ्या आणि आठवडाभर तीनच गोष्टी टिपा: काय घडलं, त्या वेळी अंगात काय झालं, त्यानंतर मी काय केलं. विश्लेषण नको. एक नमुना देते:

“रविवार सकाळ. आईचा फोन. शेजारच्या काकूंच्या मुलीने टिळकवाडीत फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला पाचशे पान होतं, हे सांगितलं. मला काहीच विचारलं नाही. पोट आवळलं, घसा कोरडा. फोन ठेवल्यावर सिंकमधल्या भांड्यांवरून नवऱ्यावर ओरडले. दुपारी पप्पांच्या खात्यावर न मागता पैसे टाकले.”

एवढ्याशा टिपणात जाणत्या माणसाला बरंच दिसतं. आईने तुलना केलीच नाही, तरी मुलीने ती ऐकली. राग जिथे जायला हवा तिथे न जाता घरातल्या माणसावर निघाला. आणि अपराधीपणा पैशाने फेडला गेला. “आईशी माझं पटत नाही” या वाक्यातून यातलं काहीच दिसलं नसतं.

अंगातल्या खुणा जरूर लिहा. आपल्या घरांत मनाची दुखणी बहुधा शरीराच्या तोंडून बोलतात: छातीत धडधड, पित्त, मान धरणं, रात्री तीनला जाग. थेरपिस्टला हे सांगायला लोक विसरतात, कारण ते डॉक्टरचं काम वाटतं. दोघांनाही सांगा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन एकदा तपासून घेतलं म्हणजे मनाचं काय आणि शरीराचं काय, याचा घोळ कमी होतो.

दुसरी पायरी: घराचा नकाशा काढा

ही पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

कौटुंबिक समुपदेशनात याला जेनोग्राम म्हणतात. मोठा कागद घ्या. पुरुष चौकोनात, बाई वर्तुळात. वरच्या ओळीत आजी-आजोबा, मधल्या ओळीत आईवडील आणि त्यांची भावंडं, खाली तुम्ही. ज्यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही त्यांच्यामध्ये जाड रेघ, ज्यांचं बिनसलंय त्यांच्यात नागमोडी, बोलणंच बंद असेल तिथे तुटक. इथवर कुठल्याही देशातला थेरपिस्ट सांगेल. आपल्यासाठी त्यात तीन गोष्टींची भर घाला: प्रत्येकाने कुठलं गाव कोणत्या वर्षी सोडलं, तो शाळेत कोणत्या भाषेत शिकला, आणि पैसा कुणाकडून कुणाकडे गेला.

भाषा का, ते सांगते. परदेशातल्या थेरपिस्टच्या लेखी तुम्ही ‘इंडियन’ असता, फार तर ‘मराठी’. पण सीमाभागातल्या घरात मराठी ही नुसती बोलायची गोष्ट राहिलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. मग आंदोलनं, सत्याग्रह, सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, सीमाभागासाठी २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. दर १ नोव्हेंबरला शहराच्या एका भागात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या भागात मराठी भाषकांचा काळा दिन, हे बघत आपली मागची पिढी वाढली. त्याच वेळी कितीतरी घरांत मामी कन्नड, दुकानातली भाषा कन्नड, आणि दोन्हीकडची लग्नं एका मांडवात, हेही खरंच आहे. राजकीय बाजू कोणती, हा इथे प्रश्न नाही. भाषेसाठी आपल्या माणसांनी काय दिलं आणि काय गमावलं, हे नकाशात यायला हवं.

उदाहरणार्थ, शलाका. आजोबा अनगोळचे, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. वडील १९८६ मध्ये कॉलेजात. मराठी शाळेत शिकले, इथे नोकरीचं जमेना म्हणून मस्कतला गेले. शलाका तिथल्या इंग्रजी शाळेत शिकली, आता ब्रिटनमध्ये लीड्सला असते. तिचा सहा वर्षांचा मुलगा मराठी समजतो, बोलत नाही. दर व्हिडिओ कॉलला वडील त्याला विचारतात, “आजोबांशी मराठीत बोलणार नाहीस काय?” आणि मग दोन दिवस शलाकाची झोप उडते. तिच्या थेरपिस्टला हा नियंत्रण ठेवू पाहणारा बाप वाटला. नकाशा समोर आल्यावर प्रश्न बदलला. एका घराने तीन पिढ्या ज्या भाषेची किंमत मोजली, ती चौथ्या पिढीत कुणी न हिसकावता गळून पडतेय, आणि ती आपल्या हातून गळतेय असं शलाकाला वाटतंय. म्हणून वडिलांचं टोमणा मारणं बरोबर ठरत नाही. पण आता शलाका त्यांना काय सांगेल ते वेगळं असेल, आणि स्वतःला काय सांगेल तेही.

हा नकाशा एका बैठकीत होत नाही. मे महिन्यात किंवा गणपतीत घरी याल तेव्हा आजीला, आत्याला, थोरल्या काकांना विचारा. वही उघडून समोर बसलात तर “सगळं छानच होतं की बाळा” एवढंच मिळेल. आजी तांदूळ निवडत असेल तेव्हा शेजारी बसा आणि ताटात हात घाला. “पप्पा पहिल्यांदा बाहेर गेले तेव्हा स्टेशनवर कोण कोण आलं होतं?” “त्यांच्या पहिल्या पगाराचं काय केलं?” “शेत कधी विकलं?” असे लहान, उत्तर देता येईल असे प्रश्न टाका. “तुला कसं वाटलं?” हा प्रश्न आपल्या म्हाताऱ्या माणसांना सहसा कुणी विचारलेला नसतो, त्याने ती गोंधळतात. कोण आलं, काय शिजलं, किती पैसे होते, हे विचारलं की भावना आपसूक बाहेर येते.

व्हिसाचाही रकाना ठेवा. अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, वाढलेल्या मुलाला २१ वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. आखातात जन्मलेल्या आपल्या मुलांना तिथलं नागरिकत्व मिळत नाही. वडिलांची नोकरी संपली की घरही सुटतं. अशा घरात वाढलेल्याला चांगला पगार असूनही सामान कायम बांधून ठेवावंसं वाटत असेल, तर ती मनाची कमजोरी समजू नये. ती भीती खऱ्या कागदपत्रांमधून आलेली आहे.

तिसरी पायरी: कोण काय करतं ते समजून घ्या

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, वैद्यकीय पदवीचा डॉक्टर. औषध तो लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या आणि थेरपी करतो, आणि भारतात त्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. समुपदेशक किंवा काउन्सेलर ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचाराच. ब्रिटनमध्येही ‘काउन्सेलर’ या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही; तिथे बी.ए.सी.पी.सारख्या समुपदेशकांच्या व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व पाहावं, आणि सायकॉलॉजिस्ट असेल तर एच.सी.पी.सी. या नियामक संस्थेची नोंदणी. अमेरिकेत परवाना राज्यानुसार असतो.

यातच एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे, जी ऐनवेळी लोकांना अडवते. अमेरिकेतल्या थेरपिस्टचा परवाना सर्वसाधारणपणे तुम्ही सेशनच्या वेळी प्रत्यक्ष जिथे बसला आहात त्या जागेशी बांधलेला असतो. तुम्ही महिनाभर बेळगावला आलात तर तो तुमच्याशी बोलू शकेलच असं नाही. आणि नेमकं घरी असतानाच बोलण्याची गरज सर्वांत जास्त असते. तिकीट काढलं की लगेच थेरपिस्टला विचारा, आणि नाही म्हणाला तर त्या महिन्यापुरता इथला कुणी आधीच ठरवून ठेवा.

शोधायचं कुठे? अमेरिकेत दक्षिण आशियाई थेरपिस्टची ‘साउथ एशियन थेरपिस्ट्स’ ही यादी ऑनलाइन आहे, न्यू जर्सीत समहिन ही संस्था याच समाजासाठी काम करते. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय आणि आशियाई थेरपिस्टचं बाटन हे जाळं आहे. शिवाय इंग्लंडमध्ये एन.एच.एस. या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजकडे जी.पी.च्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येतं आणि दुभाषाही मागता येतो. आपल्या भागात म्हणाल तर बेळगावचं सरकारी जिल्हा रुग्णालय, के.एल.ई.चं रुग्णालय, आणि गुंतागुंतीचं काही असेल तर धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. घरच्यांना ‘हे काय असतं’ ते कळावं म्हणून मी ते आवर्जून दाखवायला सांगते.

चौथी पायरी: आपल्यातला हवा की परका?

मराठी बोलणाराच हवा, असा बहुतेकांचा पहिला हट्ट असतो. तो समजण्यासारखा आहे. रडू यायला लागलं की माणूस इंग्रजीत फार वेळ टिकत नाही. पण बेळगाव लहान आहे. आडनाव सांगितलं की समोरून “म्हणजे शहापुरातले काय? अमक्यांचे कोण?” असं विचारायला दोन मिनिटं लागत नाहीत, आणि त्या क्षणी तुम्ही जे सांगायला आला होतात ते गिळून टाकता. म्हणून माझा साधा नियम असा: भाषा जवळची, ओळख लांबची. नात्यातला, जातीच्या मंडळातला, आईच्या भिशीतल्या मैत्रिणीचा मुलगा, हे कितीही हुशार असोत, नको.

जातीबद्दल स्पष्टच बोलते. परदेशातल्या थेरपिस्टला ती दिसत नाही, आणि आपल्यातल्याला दिसते पण तो बोलत नाही. आंतरजातीय लग्नावरून घर पेटलं असेल, किंवा बहुजन-दलित घरातून आल्यामुळे तिकडच्या देसी वर्तुळात आडनाव लपवावं लागत असेल, तर हा विषय टेबलावर यायलाच हवा. जात सातासमुद्रापलीकडेही जाते, म्हणूनच सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घातली. पहिल्या फोनवरच विचारा: “जातीबद्दल बोलायला तुम्हाला अवघड वाटतं का?” उत्तरापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या.

परका माणूस उत्सुक असेल, शिकायला तयार असेल, तर तो उत्तम चालतो. मात्र फी भरून त्याला भारताचा भूगोल शिकवत बसणं हे तुमचं काम नाही. तुमच्या घराबद्दल त्याने विचारावं. मराठी समाजाबद्दल त्याने स्वतः वाचून यावं.

पाचवी पायरी: पहिल्या फोनवर काय विचाराल

बरेच थेरपिस्ट पंधरा-वीस मिनिटांचा ओळखीचा फोन मोफत देतात. तो मुलाखतीसारखा वापरा, आणि मुलाखत घेणारे तुम्ही आहात. माझ्या मते एक प्रश्न सगळ्यांहून कामाचा आहे:

“मी दर महिन्याला घरी पैसे पाठवते. त्यावरून माझी आणि नवऱ्याची भांडणं होतात. तुम्ही याकडे कसं बघाल?”

“तुमच्या आयुष्याचा हक्क तुमचा आहे, सीमा आखायला शिका,” असं लगेच आलं, तर त्याला तुमचं घर ऐकायचंच नाही. “अहो, आईवडिलांनी किती केलंय, एवढं तर करायलाच हवं,” असं आलं, तर त्याला तुम्हीच ऐकू येत नाही. “पैसे कधीपासून पाठवता? मागितले जातात की तुम्ही आपणहून पाठवता? थांबवले तर काय होईल असं वाटतं?” असे प्रश्न आले, तर पुढची वेळ ठरवा.

फी, सेशन चुकल्यास काय, रेकॉर्डिंग होतं का, हेही विचारून घ्या. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. जीवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती आईवडिलांनाही देता येत नाही. तुम्ही सज्ञान आहात. “तुमच्या आईचा फोन आला होता, मी थोडं सांगितलं” असं कुणी म्हणाला, तर त्याच दिवशी दुसरा शोधा.

सहावी पायरी: सुरुवातीची सेशन्स

वही आणि नकाशा घेऊन जा. थेरपिस्ट नवखा वाटला तर त्याला कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू वापरायला सांगा. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने डी.एस.एम.-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या २०१३ च्या पुस्तिकेत ही १६ प्रश्नांची मुलाखत दिली आहे आणि ती मोफत मिळते. तुमच्या त्रासाला घरचे काय म्हणतात, त्याचं कारण काय समजतात, आतापर्यंत काय काय करून पाहिलं, मदतीच्या आड काय आलं, असं ती विचारते.

“काय काय करून पाहिलं” याचं उत्तर लपवू नका. सौंदत्तीला यल्लम्माची ओटी भरली, जोतिबाला जाऊन आलो, कुणीतरी अंगारा दिला, पत्रिका दाखवली. लीड्समध्ये किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये हे सांगायला लाज वाटते. पण आई बसने सौंदत्तीला तुमच्यासाठी गेली, तर ती तुमच्या दुखण्याकडे कसं बघते हे त्यातून कळतं, आणि तिच्याशी बोलण्याचं दार तिथूनच उघडतं. चांगला थेरपिस्ट याला हसणार नाही आणि याच्यावर उपचार सोपवून मोकळाही होणार नाही. औषध चालू असेल तर ते मात्र कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करायचं नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरलाच विचारायचं.

सातवी पायरी: “नाही” म्हणायला शिकणं, आपल्या पद्धतीने

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. पाश्चात्त्य पद्धतीत ठामपणा शिकवताना सांगतात: डोळ्यांत बघा, “मला” असं म्हणून सुरुवात करा, थोडक्यात नकार द्या. हे वडिलांसमोर करून बघा. तुम्ही बरोबर असाल आणि तरी घरात महिनाभर कुणी जेवणार नाही.

मानसोपचारतज्ज्ञ फारूक नईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात, आणि पुढे कॅनडात दक्षिण आशियाई लोकांसाठी, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी पद्धत) जुळवून घेताना यावर तोडगा काढला: आधी क्षमा मागायची, मान राखायचा, आणि मग मतभेद पूर्ण सांगायचा. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. “राग मानू नका, पण” हे आपण दुकानदारालाही म्हणतो. घरात म्हणायचं राहून जातं.

सरावासाठी एक फोन. मुलगी ह्यूस्टनला, आई हिंदवाडीत.

“आई, डिसेंबरात येईन म्हणाले होते, नाही जमणार गं.”

“बरं. तुमचं तिकडचं काय ते बघा. आमचं काय, आम्ही आहोत इथं.”

इथे जुनी सवय म्हणजे लगेच तिकीट काढणं, नाहीतर “तू नेहमी असंच बोलतेस” म्हणून फोन आपटणं. सरावानंतर:

“तुला वाईट वाटलं ना? मलाही वाटतंय. राग धरू नकोस, पण डिसेंबरात खरंच नाही जमत. मे महिन्यात तीन आठवडे येते, सुट्टी टाकली आहे. तोपर्यंत दर गुरुवारी तुझ्या सकाळी फोन करते. सीरियल आधी बघून घे.”

“गुरुवारी माझा उपवास असतो.”

“मग काय, चहा पीत बोलू की.”

आई खूश झाली नाही. व्हायलाच हवं असंही नाही. पण नकार नकारच राहिला, तारीख दिली गेली, आणि आईचं दुखणं खोटं ठरवलं गेलं नाही. सेशनमध्ये असे फोन मोठ्याने बोलून बघा, थेरपिस्टला आई व्हायला सांगा. आईचे टोमणे मराठीतच बोला. इंग्रजीत ते निरुपद्रवी वाटतात आणि सराव वाया जातो.

ज्या घरात मारहाण झाली, लैंगिक अत्याचार झाला, किंवा लग्नासाठी कोंडून ठेवलं, धमकावलं, त्या घरासाठी ही पायरी नाही. तिथे अंतर ठेवणं हाच उपचार असू शकतो, आणि “आपली संस्कृती” हे कारण देऊन तुम्हाला परत तिथे ढकलणारा समुपदेशक धोकादायक आहे. संस्कृतीची जाण असणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं असा अर्थ कुणी काढत असेल तर तिथून उठा.

घरच्यांना सेशनमध्ये आणायचं असेल तर

हे परदेशी खूळ नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांबरोबर राहायला लावलं, आणि उपचारांत घरच्यांना सामील करून घेण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक होता. पण सुरुवातीलाच घरच्यांना बोलावू नका. आधी तुमची स्वतःची चार-सहा सेशन्स होऊ द्या. मग एकच विषय ठरवून एका माणसाला बोलवा. कुणाला? नकाशात बघा: निर्णय खरंच पप्पा घेतात, की आत्याचा शब्द चालतो? बोलावताना “माझ्या थेरपीला ये” म्हणू नका. “माझी झोप लागत नाही, डॉक्टरबाईंना तुझ्याकडून काही माहिती हवी आहे” हे खरं आहे आणि आईला जमणारं आहे. दुभाषा लागला तर भावंडाला बसवू नका. ते बाजू घेणारच.

आणि बेळगावच्या घरात ऑनलाइन सेशन घ्यायचं म्हणजे जागेचा प्रश्न येतो. दार लावलं की “काय गं, बरं नाही काय?” म्हणून कुणीतरी येतंच. गाडीत बसा, नाहीतर गच्चीवर, कानात इअरफोन घालून. जवळपास कुणी आलं तर विषय बदलायला एक खुणेचं वाक्य थेरपिस्टबरोबर आधीच ठरवून ठेवा. वेळ ठरवताना लक्षात असू द्या, ब्रिटनपेक्षा आपण हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतो. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ बदलतं आणि सेशन चुकतं.

जमतंय की नाही, कसं ओळखाल

पाच-सहा सेशन्सनंतर पहिल्या आठवड्याची वही पुन्हा वाचा. फोन तेच असतील. पोट आवळणं तासात उतरतंय का? राग ज्याच्याशी संबंधित आहे त्याच्याच वाट्याला जातोय का? नसेल तर थेरपिस्टला तसं सांगा. चांगला थेरपिस्ट दुखावत नाही, पद्धत बदलतो. तरीही नाही जमलं तर गायब होऊ नका. आपल्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून मेसेज असा लिहा: “आतापर्यंतच्या मदतीबद्दल आभारी आहे. मला पुढे दुसऱ्या व्यक्तीबरोबर काम करायचं आहे. माझ्या नोंदींचा सारांश पाठवाल का?” सारांश मिळाला की नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

काही महिन्यांनी बऱ्याच घरांत एक गोष्ट घडते. तुम्ही शांत व्हायला लागलात की आईचं दुखणं दिसायला लागतं. मुलं बाहेर, पप्पा गेलेले किंवा आखातातून परतून गप्प झालेले, मोठं घर, संध्याकाळी दिवा लावायलाही कुणी नाही. तिला “तू थेरपी घे” म्हणालात तर “मी काय येडी आहे काय?” हेच ऐकाल. तिच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे बी.पी.-शुगर तपासायला न्या, आणि डॉक्टरांना आधी फोन करून झोप, भूक, रडू, विसरणं याबद्दल विचारायला सांगा. त्यांनी चिठ्ठी दिली की जिल्हा रुग्णालयात किंवा के.एल.ई.ला जाणं तिला सोपं जातं, कारण मग ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तिच्या फोनमध्ये १४४१६ सेव्ह करून ठेवा आणि एकदा तुमच्यासमोर लावून भाषा मराठी निवडून दाखवा. पहिल्या तपासणीला कुणीतरी सोबत लागतं. तुम्ही इथे नसाल तर त्या दिवशी कोण जाणार, हे आत्याशी किंवा मामेबहिणीशी आजच बोलून ठेवा.